डाव्या दाराचा स्पीकर

त्याच्या वर्कशॉपमध्ये एक नियम होता. गाडीतला आवाज लावायचा तो ड्रायव्हरच्या जागेवर बसून. गाडीचा मालक जिथे बसतो तिथे गाणं नीट ऐकू आलं पाहिजे, बाकीचे सगळे पाहुणे. बावीस वर्षं त्याने असंच केलं आणि बावीस वर्षांत कुणी तक्रार घेऊन परत आलं नाही. तक्रार करायला येतो तोही मालकच, ही गोष्ट मात्र त्याच्या कधी ध्यानात आली नव्हती.

गिऱ्हाईक आलं की तो आधी एकच प्रश्न विचारायचा: गाडीत काय ऐकता? नाचाची गाणी ऐकणाऱ्याला तो बास, म्हणजे खालचा ठोक्याचा आवाज, वर घेऊन द्यायचा, पण दारं थरथरणार नाहीत इतपतच. ऑर्केस्ट्रा ऐकणाऱ्याला तो जवळजवळ काहीच लावायचा नाही. उलट आधीच्या माणसाने लावून ठेवलेलं एकेक काढून टाकायचा. दिवसभर बातम्या ऐकणाऱ्या टॅक्सीवाल्यांना खालचा आवाज कमी, मधला जास्त, म्हणजे इंजिनच्या घरघरीतूनही शब्द सुटे ऐकू येतात. शेजारच्या गाळ्यात सीटकव्हर शिवणारा त्याचा जुना मित्र होता. तो त्याला ‘कानसेन’ म्हणायचा, निम्मं कौतुकाने आणि निम्मं चिडवायला.

सासूबाईंना मात्र त्याची कारागिरी पटत नव्हती.

अडतीस वर्षं शाळेत गाणं शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी, जुन्या घराचे जिने झेपेनात म्हणून, लेकीकडे राहायला आल्या. येताना दोन ट्रंका, एक कीबोर्ड आणि पाच विद्यार्थी घेऊन आल्या. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत शिकवणी चालायची. एखाद्याचा सूर केसभर हलला तरी त्या बोट वर करून थांबवत. जावयाशी त्यांचं वागणं तसं सभ्य होतं, पण बोलणं बेताचंच. जेवताना तो त्यांच्या डावीकडच्या खुर्चीवर बसायचा. “आई, आज कोण आलं होतं शिकवणीला?” असं काहीतरी विचारायचा. बहुतेक वेळा उत्तरच यायचं नाही. त्या समोर ताटाकडे बघत जेवत राहायच्या. सुरांच्या बाईंना धडधड विकणारा जावई पसंत नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याबद्दल बायकोजवळ कुरकुर केली नव्हती. आपलं आपण गिळलं होतं.

मग त्या पायरीवरून घसरल्या. डाव्या गुडघ्याच्या वाटीला तडा गेला. सहा आठवडे प्लास्टर होतं. ते काढलं तेव्हा पाय लाकडासारखा झाला होता. फिजिओथेरपिस्टने कोन मोजून सांगितलं: आत्ता चाळीस अंश वाकतोय. आठवड्यातून तीन दिवस, दोन महिने यायचं. या दोन महिन्यांत वाकला तर वाकला, नाहीतर जन्मभर असाच राहील. मग जिना नाही, बस नाही, कीबोर्डसमोरच्या बुटक्या स्टुलावर बसणं नाही.

बायको सकाळी आठलाच पोस्टात कामावर जायची. तेव्हा नेण्या-आणण्याचं काम जावयाकडे आलं. जायला पस्तीस मिनिटं, यायला पस्तीस.

पहिल्या आठवड्यात तिन्ही खेपा झाल्या. दुसऱ्या आठवड्यात एकच. एकदा सासूबाईंचं डोकं दुखत होतं, एकदा एका विद्यार्थ्याची परीक्षा होती. तिसऱ्या आठवड्यात पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या की रात्री झोप झाली नाही. बायकोने आईला समोर बसवून सरळ विचारलं. व्यायामाने दुखतं का? दुखतं, पण तेवढं चालतं. मग काय? बरीच टाळाटाळ झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, “गाडीतला आवाज सोसत नाही.”

त्याला हे ऐकून जे वाटलं ते एखाद्या आचाऱ्याला घरच्यांनी ताट सरकवल्यावर वाटेल तसं होतं. त्याची गाडी म्हणजे त्याच्या दुकानाची पाटी होती. गिऱ्हाइकांना तो आधी स्वतःच्या गाडीत बसवून ऐकवायचा.

त्याने सोपा उपाय केला. डेक बंद. पस्तीस मिनिटं गाडीत फक्त इंजिन वाजत राहिलं. सासूबाईंनी दारावरचं हँडल घट्ट धरलं होतं आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांचे ओठ मिटत होते. परतताना त्यांचा चेहरा आणखी उतरला होता. घरी आल्यावर त्या लेकीला म्हणाल्या, “गाणं नसलं की गुडघाच ऐकू येतो. आणि असलं की गाणारी माणसं गाडीच्या बाहेर उभी. काच बंद, आणि ती बाहेर गातायत.”

बायकोने हे त्याला जसंच्या तसं सांगितलं. त्याने तो टोमणा समजला. सीटकव्हरवाल्यालाही सांगितला. तो दाभण बाजूला ठेवून पोटभर हसला.

पण दोन महिन्यांतले तीन आठवडे जात आले होते आणि पाय पंचेचाळीस अंशांवर अडला होता. तेव्हा रुसून बसण्यात अर्थ नव्हता. त्याच्या डेकमध्ये सेटिंग साठवायला सहा जागा होत्या. त्याने एक सबंध सकाळ त्यावर घालवली आणि कागदाची पट्टी कापून डॅशबोर्डला चिकटवली: १ नाच, २ ऑर्केस्ट्रा, ३ एकटा आवाज, ४ बातम्या, ५ आई. सहावी जागा रिकामी राहिली. पाच नंबरात त्याने बास जवळजवळ उतरवून टाकला, कारण डाव्या दाराचा स्पीकर बरोबर सासूबाईंच्या दुखऱ्या गुडघ्याशी होता. प्रत्येक ठोका तिथेच बसत असणार, एवढं त्याला कळलं होतं.

सीटकव्हरवाला पट्टी वाचून म्हणाला, “सासूला बातम्यांच्या खाली टाकलंस? जपून राहा.”

पुढच्या खेपेला त्याने पाच नंबर लावला आणि गाडी काढली. तिसऱ्या सिग्नलला सासूबाई म्हणाल्या की गुडघ्याला दणका बसत नाही, हे बरं केलंत. त्याला वाटलं, सुटलो. मग त्या म्हणाल्या, “पण ती अजून बाहेरच आहेत.”

रात्रीच्या जेवणानंतर भांडी पुसता पुसता बायकोने त्याला विचारलं, “तू कधी आईच्या जागेवर बसलायस?”

बसला नव्हता. स्वतःच्या गाडीत तो कायम चाकामागे. रविवारी बायकोने किल्ली घेतली आणि त्याला डावीकडे बसवलं. पहिल्या वळणापर्यंतच त्याचे डोळे उघडले. ड्रायव्हरपासून डावा स्पीकर लांब, उजवा जवळ, म्हणून त्याने डावा चढवून आणि उजवा दाबून ठेवला होता. त्याच्या जागेवरून गाणं काचेच्या बरोबर मध्यभागी, समोर उभं राहायचं. या जागेवर सगळं गाणं डाव्या दारात कोंबलं होतं आणि उजवीकडून नुसती कुजबुज येत होती.

“सगळ्यांच्या गाड्या अशाच लावल्यात मी,” तो म्हणाला.

“मला वाटायचं, गाड्यांमध्ये असंच असतं,” बायको म्हणाली. तिने त्या जागेवर पंधरा वर्षं काढली होती.

सोमवारी त्याने पाच नंबर पुसला आणि डावीकडच्या सीटवर बसून नव्याने लावला. डावा उतरवला, उजवा चढवला, मधला आवाज किंचित पुढे आणला. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला विचारायच्या प्रश्नांत एकाची भर पडली: शेजारी कोण बसतं?

बुधवारी त्याने मुद्दाम एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. दोन बायकांनी मिळून गायलेलं, साधं, मागे फारसा वाद्यांचा गलबला नाही. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं. त्या म्हणाल्या की आता दारापर्यंत आली आहेत. त्याला मनापासून बरं वाटलं. बरीच वाट कापल्यावर त्यांनी विचारलं, “चांगली गाते. एकटीच आहे का?”

“दोघी आहेत की, आई.”

सासूबाई मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्याचं डोकं मात्र लगेच कामाला लागलं. त्या जुन्या ध्वनिमुद्रणात एक बाई उजव्या बाजूने गाते आणि दुसरी डाव्या. डावी बाई ऐकू येत नाही, म्हणजे डाव्या दाराचा स्पीकर गेला, नाहीतर तार ढिली झाली. स्वतःच्या जागेवरून त्याला दोघी ऐकू येत होत्या. पण स्वतःच्या जागेवरून ऐकण्यावरचा त्याचा भरवसा रविवारीच उडाला होता. गुडघ्याशी असलेल्या स्पीकरमध्ये काहीतरी बिघाड आहे, हे त्याच्या मनाने घेतलं.

परतताना त्याने गाडी सरळ वर्कशॉपमध्ये घेतली. सासूबाईंना म्हणाला, दहा मिनिटं बसा, आत्ताच काढतो. प्रत्येक नव्या गाडीवर करायची ती तपासणी त्याने सुरू केली. सासूबाईंनी डोळे मिटायचे. तो एकेका स्पीकरमधून हळू आवाजात एकच सूर सोडणार. ज्या बाजूने येईल तो हात वर करायचा.

उजवा. सासूबाईंचा उजवा हात वर आला.

डावा. काही नाही. त्याने आवाज थोडा वाढवला. तरीही हात मांडीवरच.

त्याने डाव्या दाराचं आवरण उघडलं. पाच स्क्रू, मग प्लास्टिकच्या खिट्ट्या, एक नेहमीप्रमाणे तुटली. तारा ओढून बघितल्या, घट्ट होत्या. तरी कापून नव्याने जोडल्या. पुन्हा सूर सोडला. हात वर आला नाही. मग त्याने स्पीकरच काढला आणि कपाटातून नवा, खोक्यातला आणून बसवला. सासूबाई एवढा वेळ समोर बघत सरळ बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर शाळेतल्या तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलाचा भाव होता. तो त्याला दिसला, पण गुडघा दुखत असेल असं वाटलं.

नव्या स्पीकरमधून त्याने सूर सोडला.

“अरे, तो स्पीकर ठणठणीत आहे,” सीटकव्हरवाला त्याच्या गाळ्यातून म्हणाला. “मला इथवर ऐकू येतंय.”

तो उघड्या दाराशी उकिडवा बसला होता. हातात स्क्रूड्रायव्हर, सासूबाईंच्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर. पलीकडे शिवणाचं मशीन पुन्हा घरघरू लागलं. त्याने सूर बंद केला आणि हळूच विचारलं, “आई, गुडघा दुखतोय का?”

सासूबाई समोरच्या काचेतून भिंतीवरच्या पान्यांकडे बघत राहिल्या. हा चेहरा त्याच्या ओळखीचा होता. जेवणाच्या टेबलावर तो दोन वर्षं हाच चेहरा बघत आला होता.

तो उठला, गाडीच्या पुढून वळसा घालून उजव्या दाराने आत चाकामागे बसला आणि तोच प्रश्न तेवढ्याच आवाजात विचारला.

“थोडा,” सासूबाई म्हणाल्या.

त्याने डेक बंद केला. सीटकव्हरवाल्याचं मशीन पलीकडे चालू होतं, ते बंद होण्याची त्याने वाट बघितली नाही. उलट ते चालू आहे हे त्याला बरं वाटलं.

“कधीपासून?”

त्यांनी कशाबद्दल असं विचारलं नाही. दोन वर्षं, त्या म्हणाल्या. इकडे यायच्या आधी मोठा ताप आला होता, तो उतरला आणि डावा कान घेऊन गेला. डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी तपासून सांगितलं की आता काही होण्यासारखं नाही.

“तिला माहीत नाही?”

“कुणालाच नाही. आता तुम्हाला.” त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “तिला सांगू नका. कळलं तर ती आधी शिकवणी बंद करील. मुलांचे आईबाप काय म्हणतील, एका कानाची बाई गाणं शिकवते. सुराला एक कान पुरतो हो. दुसरा लागतो तो नुसता दिशेला. मघाशी सूर पुसट ऐकू आला, पण हात कुठला वर करायचा ते कळेना.”

हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षं तो दिशेचाच धंदा करत होता. दोन वर्षं आपण रागावून जेवलो तेही त्याला आठवलं आणि मान खाली गेली. गाडीच्या बाहेर उभी असलेली माणसं हा टोमणा नव्हता. सासूबाईंनी बिघाडाचं वर्णन केलं होतं, तेही इतकं चोख की एखाद्या कारागिरानेही केलं नसतं.

“नाही सांगणार,” तो म्हणाला. “पण खेप चुकवायची नाही.”

“तुम्ही आवाज लावा, मी चुकवत नाही.”

सहावा नंबर लावायला त्याला दोन तास लागले. डाव्या-उजव्या बाजूला वाटून आलेलं सगळं गाणं त्याने आधी एकत्र केलं, म्हणजे त्यातलं काहीच गळणार नाही. मग ते सगळं उजव्या दाराच्या स्पीकरकडे वळवलं. डावा स्पीकर पूर्ण बंद केला. मधला आवाज उचलला. खालचा ठेवला, कारण आता तो गुडघ्यापासून लांब होता. ठोका नसला की गाणं पांगळं होतं. शेवटी डावीकडे बसून, डाव्या कानात कापसाचा बोळा घालून आणि वर तळहात दाबून, त्याने तेच गाणं चार वेळा ऐकलं. सीटकव्हरवाल्याने मध्येच डोकावून बघितलं आणि कधी नव्हे ते काही न बोलता परत गेला.

ड्रायव्हरच्या जागेवरून ते भयंकर होतं. सगळं गाणं त्याच्या उजव्या मांडीला चिकटून वाजत होतं. एखाद्या गिऱ्हाइकाने असं मागितलं असतं तर त्याने किल्ली परत दिली असती. कागदाच्या पट्टीवर त्याने सहा हा आकडा लिहिला आणि पुढे काहीच लिहिलं नाही.

शुक्रवारी निघाल्यावर त्याने सहा नंबर दाबला. तेच दोघींचं गाणं. सासूबाईंनी हँडल सोडलं. हात मांडीवर आला आणि बोट ताल धरू लागलं. मोठा खड्डा आला, गाडी हबकली, बोट थांबलं नाही.

“आल्या,” त्या म्हणाल्या. “दोघीही.”

पुढच्या सिग्नलला त्यांनी भुवई उंचावली. “दुसरी सूर जरा चढा लावते. शेवटच्या कडव्यात.”

त्याने ते गाणं शेकडो वेळा ऐकलं होतं. परतताना पुन्हा लावलं आणि शेवटचं कडवं जीव एकवटून ऐकलं. दुसरी खरंच सूर चढा लावत होती.

त्यानंतर एकही खेप चुकली नाही. पन्नास अंश, बासष्ट, सत्तर. पस्तीस मिनिटं जायला आणि पस्तीस यायला तो मांडीला चिकटलेलं गाणं ऐकत गाडी चालवायचा. सासूबाई गाणाऱ्यांच्या चुका काढायच्या आणि कधी मनापासून दादही द्यायच्या. जेवायला तो आता उजवीकडच्या खुर्चीवर बसायला लागला. बायकोने कारण विचारलं तेव्हा म्हणाला की त्या बाजूने दिवा डोळ्यांवर येतो. सासू-जावयाच्या गप्पा एकाएकी एवढ्या कशा रंगायला लागल्या हे तिला कळेना. पण रंगतायत तर रंगू देत म्हणून ती गप्प राहिली.

शेवटच्या खेपेला बायकोने रजा काढली. आईचा गुडघा किती वाकतो ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं. ती मागे, आईच्या बरोबर पाठीशी बसली. सवयीने सासूबाईंनीच हात पुढे करून सहा नंबर दाबला.

दोन चौक गेल्यावर बायको पुढे वाकली. “अरे, हे काय? इकडून काहीच येत नाहीये. डावा बंद आहे.”

“हो का?” तो म्हणाला. “तार सुटली असेल. बघतो उद्या.”

“उद्या काय? किती दिवस असं आहे?”

“लक्षात नाही आलं.”

“तुझ्या? लक्षात नाही आलं?” ती आता खरोखर वैतागली होती. लोकांच्या गाड्या दोन दोन दिवस कुरवाळत बसतोस, ती म्हणाली, आणि घरच्या गाडीत माझ्या आईला बंद स्पीकरशेजारी दोन महिने बसवलंस. एवढा कारागीर म्हणवतोस, तेवढी एक तार बघायला सवड झाली नाही? सासू आहे म्हणून चालतं, असंच ना?

तो समोर रस्ता बघत राहिला. चुकलंच, असं काहीसं पुटपुटला.

सासूबाईंनी आवाजाचं बटण फिरवून गाणं बारीक केलं. वर्गात एखाद्याला थांबवायला करायच्या तसं त्यांचं बोट वर गेलं.

“त्यांना बोलू नकोस. तार सुटलेली नाही. त्यांनी लावलंय ते बरोबर लावलंय.” बोट खाली आलं. “माझा डावा कान गेलाय. दोन वर्षं झाली.”

सिग्नल लाल झाला. त्याने गाडी थांबवली आणि आरशात बघायचं टाळलं. मागून सीटच्या कापडाची सळसळ ऐकू आली. बायको डावीकडून सरकत सरकत उजव्या कडेला, त्याच्या पाठीमागे येऊन बसली. दोन सीटांच्या मधून तिने चेहरा पुढे आणला, अगदी आईच्या उजव्या खांद्यापाशी.

“आणि मी दोन वर्षं तिकडून बोलतेय,” ती म्हणाली.

“थोडं थोडं ऐकू यायचं,” सासूबाई म्हणाल्या. “उरलेलं मी जुळवून घ्यायचे.”

“आणि शिकवणी?”

“आज पाच वाजता आहे. येऊन बस, आणि कोण कुठे चुकलं ते माझ्या आधी सांगून दाखव.”

बायकोने नाक ओढलं. चेहरा मात्र होता तिथेच ठेवला. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. सासूबाईंनी आवाज पहिल्याइतका मोठा केला आणि लेकीला म्हणाल्या की आता बोलू नकोस, दुसरी सूर चढा लावते ती जागा येतेय.